बेअरिंगची सीट झिजलेला शाफ्ट : भरून घ्यावा की नवा करावा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पशुखाद्याच्या हॅमर मिलचा (फिरत्या हातोड्यांनी दाणा फोडणाऱ्या गिरणीचा) शाफ्ट, बेअरिंगच्या जागी ८० मिमी, बेअरिंग ६३१६, व्ही-बेल्टवर मिनिटाला सुमारे १,४४० फेरे. पुलीकडचे बेअरिंग जाम झाले, त्याचा इनर (आतली रिंग) शाफ्टवर फिरला आणि आता ती सीट, म्हणजे शाफ्टवर बेअरिंग बसते ती जागा, मायक्रोमीटरवर ७९.४ दाखवते. मटेरियलबद्दल ‘ईएन-८ (मध्यम कार्बनचे पोलाद) असावे’ यापलीकडे माहिती नाही. एक वर्कशॉपवाला म्हणतो, ‘सकाळी आणा, वेल्डिंगने भरून टर्निंग करून संध्याकाळी घेऊन जा.’ दुसरा म्हणतो, ‘वेल्डिंगला हातही लावू नका, तुटेल.’ ऐकायचे कोणाचे?

उत्तर आधी देतो, कारणे नंतर. तुमची सीट पुलीच्या बाजूची आहे, म्हणून नवा शाफ्ट करा. नवा हातात येईपर्यंत मिल थांबवणे परवडत नसेल तर मेटल स्प्रे करून चालवा. वेल्डिंगचा नंबर तिसरा. हीच झीज पलीकडच्या, मोकळ्या टोकाला असती तर मी बेधडक ‘भरून घ्या’ म्हटले असते. फक्त सकाळी देऊन संध्याकाळी घेण्याच्या पद्धतीने नाही.

बहुतेक जण आधी ‘किती झिजला’ ते विचारतात. मी आधी ‘कुठे झिजला’ ते विचारतो. फिरत्या शाफ्टवर वाकवणारा भार असेल तर एका फेऱ्यात त्याच्या पृष्ठभागावरचा प्रत्येक बिंदू एकदा ताणला जातो, एकदा दाबला जातो. १,४४० फेऱ्यांनी तासाला ८६,४०० वेळा, आणि मिल चोवीस तास चालली तर दिवसाला वीस लाखांवर. इतक्या वेळा उलटसुलट ताण आला की बारीकशी भेगही वाढत जाते, आणि शाफ्ट एक दिवस कुठलीही पूर्वसूचना न देता कापल्यासारखा तुटतो. साखर कारखान्यातला मिल रोलर मिनिटाला चार-सहा फेरे फिरतो, म्हणजे दिवसाला साधारण सहा ते साडेआठ हजार. त्याचे जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारा भाग) हंगाम संपल्यावर भरून घेतले आणि ते वर्षानुवर्षे चालले, म्हणून हॅमर मिलचा शाफ्टही चालेल असे समजायचे कारण नाही. ‘आमच्याकडे कारखान्याचे शाफ्ट भरतात हो’ हे वाक्य मी बऱ्याचदा ऐकतो. ते खरेही असते, पण तुमच्या प्रश्नाला ते लागू पडत नाही.

आता तुमच्या शाफ्टवरचा भार बघा. पुली बेअरिंगच्या बाहेर लटकलेली आहे. बेल्टची ओढ तिथे शाफ्टला वाकवते आणि हे वाकवणे सर्वांत जास्त असते ते नेमके पुलीकडच्या बेअरिंगपाशी. मोटरचा सगळा पीळही तिथूनच आत रोटरकडे (हॅमर बसवलेल्या फिरत्या भागाकडे) जातो. त्यातच त्या ठिकाणी शाफ्टला स्टेप आहे, म्हणजे व्यास एकदम बदलतो आणि कोपरा आला, आणि ताण कोपऱ्यात गोळा होतो. पलीकडच्या टोकाला यातले काहीच नाही. तिथे बेअरिंगच्या पुढे शाफ्ट संपतो, पीळ शून्य, वाकवणारा भार टोकाकडे कमी होत होत बेअरिंगच्या मध्यापाशी जवळजवळ संपलेला. तिथे वेल्डिंग थोडे उणे झाले तरी शाफ्ट खपवून घेतो. पुलीकडे खपवून घेत नाही.

म्हणजे तुमचे दोन्ही वर्कशॉपवाले अर्धे बरोबर आहेत. भरलेले शाफ्ट तुटतात हे खरे, आणि भरलेले शाफ्ट चालतात हेही खरे.

तुटतात का, ते समजून घ्या, म्हणजे काम देताना काय विचारायचे ते कळेल. ईएन-८ मध्ये कार्बन साधारण ०.३६ ते ०.४४ टक्के असतो. वेल्डिंगची ज्योत जिथे लागते तिथला अरुंद पट्टा क्षणात हजार अंशांच्या वर जातो आणि बाजूचा ८० मिमीचा थंड गोळा त्याची उष्णता लगेच ओढून घेतो. म्हणजे तो पट्टा पाण्यात विझवल्यासारखाच झाला. एवढ्या कार्बनचे पोलाद असे झटकन थंड झाले की काचेसारखे कडक आणि ठिसूळ होते. त्यात रॉडच्या लेपातल्या ओलाव्यातून हायड्रोजन शिरतो, आणि वेल्ड आकसताना ओढ बसते ती वेगळीच. कडक धातू, हायड्रोजन आणि ओढ, तिन्ही एकत्र आले की वेल्डच्या खाली, मूळ धातूत, केसासारखी चीर पडते. ती लगेच पडेल असे नाही. बऱ्याचदा काम संपल्यावर एक-दोन दिवसांनी पडते. संध्याकाळी शाफ्ट देताना वर्कशॉपवाला खोटे बोलत नसतो. त्या वेळी शाफ्टमध्ये बऱ्याचदा चीर नसतेच.

मटेरियल कोणते यावरही बरेच ठरते. वेल्डिंगच्या दृष्टीने पोलाद किती अडचणीचे आहे ते मोजायला कार्बन इक्विव्हॅलंट काढतात : कार्बन, अधिक मँगेनीजचा सहावा भाग, अधिक क्रोमियम-मॉलिब्डेनम-व्हॅनेडियमचा पाचवा, अधिक निकेल-तांब्याचा पंधरावा. साध्या एमएस (माइल्ड स्टील) बारला तो ०.४ च्या खाली राहतो, ईएन-८ ला ०.५ च्या आसपास, ईएन-१९ ला पाऊण आणि ईएन-२४ ला ०.९ च्या जवळ (ही दोन्ही मिश्रधातूची पोलादे). ०.४५ च्या वर गेला की शाफ्ट गरम केल्याशिवाय रॉड लावायचा नाही, असा साधा हिशेब ठेवा. ‘ईएन-८ असावे’ यावर मी कधी काम करत नाही. ग्राइंडरची ठिणगी बघून एमएस की कार्बन जास्त एवढे जाणत्या माणसाला कळते, पण ईएन-८ आणि ईएन-१९ मधला फरक ठिणगीवर सांगणारे ठामपणे सांगतात तेवढे खरे नसतात. शाफ्टच्या टोकाचा छोटा तुकडा किंवा किस लॅबला पाठवून केमिकल काढून घ्या. औद्योगिक वसाहत असलेल्या गावात ही सोय असते आणि शाफ्टच्या किमतीपुढे तिचा खर्च नगण्य असतो.

आता पर्यायांकडे येतो, कारण भरणे म्हणजे एकमेव इलाज नाही.

नवा शाफ्ट तुमच्यासाठी सर्वांत बरा का? ९० मिमीचा गोल बार १.२ मीटर घेतला तर त्याचे वजन साधारण ६० किलो भरते. तुमच्या गावच्या भावाने गुणा, त्यात टर्निंग, दोन की-वे (की बसवायच्या खाचा), सीटचे ग्राइंडिंग मिळवा. दुसऱ्या बाजूला नीट पद्धतीने भरण्याचा खर्च मांडा : आधीचे टर्निंग, तपासणी, गरम करायचा गॅस, रॉड, भट्टी, पुन्हा टर्निंग, ग्राइंडिंग. या मापाच्या साध्या शाफ्टला दोन्ही आकडे जवळजवळ येतात, आणि पुष्कळदा नवाच स्वस्त पडतो. स्वस्तात भरून मिळाला याचा अर्थ यातल्या काही पायऱ्या गाळल्या गेल्या. शाफ्ट मोठा असेल, फोर्जिंगचा असेल, परदेशी मशीनचा असेल, किंवा त्याच्यावर गिअर, फ्लँज असे काही एकसंध असेल, तिथे भरण्याचा हिशेब खरा जमतो.

मेटल स्प्रेमध्ये सीट किंचित खोल टर्न करून, खरखरीत करून, तारेचा वितळलेला धातू हवेच्या जोरावर फवारतात. आधी निकेल-ॲल्युमिनियमचा पकड देणारा थर, वर पोलादाचा, मग ग्राइंडिंग. शाफ्ट साधारण दीडशे अंशांपलीकडे तापत नाही, म्हणून ना कडकपणा येतो ना वाकतो. मर्यादा अशी की हा थर शाफ्टला ताकद देत नाही, नुसते माप देतो. कडा आणि की-वेजवळ तो उडतो. पण बेअरिंगच्या सीटला मापच तर हवे असते. तुमची ७९.४ ची सीट खरखरीत करताना ७८.५ पर्यंत उतरली तरी वाकण्याच्या ताकदीत पाच-सहा टक्क्यांचाच फरक पडतो. म्हणून तुमच्या बाबतीत मी हा पर्याय वेल्डिंगच्या वर ठेवला.

हार्ड क्रोम (क्रोमियमचा कडक मुलामा) करूनही माप येते, पण तो थर पातळच चांगला. एका बाजूला ०.२–०.३ मिमीच्या पुढे जाऊ नये. तुम्हाला बाजूला ०.३ भरायचाच आहे आणि त्यावर ग्राइंडिंगचा माल सोडायचा, म्हणजे काठावरचे काम. रिटेनिंग कंपाउंड लावून बेअरिंग चिकटवणे हा इलाज व्यासात दहा-पंधरा शतांश मिमी झिजेपर्यंत खरोखर चांगला आहे. ०.६ ला तो नाही, कारण एवढ्या मोकळ्या जागेत बेअरिंग मध्यावर बसतच नाही आणि रोटर एका बाजूला पळतो. शाफ्ट बारीक करून स्लीव्ह ठोकायची तर स्लीव्हला अंग हवे, ते ८० मिमीत देणे म्हणजे शाफ्ट कमजोर करणे. सीट ७५ ला टर्न करून ६३१५ बसवा असेही कोणी सुचवेल. त्यात वाकण्याची ताकद अठरा टक्क्यांनी घटते, तीही नेमकी पुलीच्या बाजूला, शिवाय हाउसिंगमध्ये १७० चे १६० करायला रिंग लागते. आणि सीटवर पंचाचे ठिपके मारून किंवा नर्लिंग करून (दातेरी रेघा उठवून) बेअरिंग घट्ट करणे हा इलाजच नव्हे. ते उंचवटे काही दिवसांत चेपतात आणि तुम्ही पुन्हा तिथेच.

एवढे सगळे ऐकूनही भरूनच घ्यायचा असेल, किंवा नवा शाफ्ट आल्यावर जुना दुरुस्त करून स्टँडबाय ठेवायचा असेल (तो ठेवाच), तर काम कसे करून घ्यायचे ते सांगतो.

पहिली गोष्ट, शाफ्ट मशीनवर असताना त्याला रॉड लावायचा नाही. पशुखाद्याच्या मिलमधली पीठधूळ पेट घेते, हवेत उडालेली असेल तर स्फोटही होतो. शिवाय अर्थिंग कुठेतरी फ्रेमला लावले की करंट दुसऱ्या टोकाच्या बेअरिंगमधून जातो आणि चांगल्या बेअरिंगच्या रेसवर ठिणग्यांचे खड्डे पडतात. हाच नियम लेथवर भरतानाही लागू. अर्थ थेट शाफ्टला लावायचा, लेथच्या बेडला नाही. हेडस्टॉकची बेअरिंग्ज तुमच्या शाफ्टपेक्षा महाग आहेत.

शाफ्ट घासून, तेल काढून डीपी टेस्ट (रंग मुरवून भेगा शोधण्याची चाचणी) करून घ्या. लाल रंग लावून दहा-पंधरा मिनिटे थांबायचे, पुसायचे, पांढरा डेव्हलपर मारायचा. स्टेपच्या कोपऱ्यात आणि की-वेच्या तळाच्या कोपऱ्यांत विशेष बघा. तिथे लाल रेघ उमटली तर पुढचा खर्च करू नका, शाफ्ट भंगारात. सीट जाम होऊन घासली गेली आहे, म्हणजे तिथे आधीच कडक झालेला निळसर पट्टा आणि त्यात बारीक चिरा असण्याची शक्यता आहे. त्या टर्निंगमध्ये पूर्ण निघाल्या की नाही हे टर्निंगनंतर पुन्हा डीपी करून पाहायचे. त्याच वेळी सेंटर साफ करून दोन्ही सेंटरमध्ये शाफ्ट धरा, डायल लावा आणि आधीचा रनआउट (फिरताना शाफ्ट मध्यापासून किती हलतो ते) लिहून ठेवा. नाहीतर नंतर वाकला तो वेल्डिंगने की आधीपासून, यावर वाद होतो.

०.६ झिजले म्हणून ०.६ भरायचे, हा सर्रास होणारा प्रकार. एवढ्या पातळ थरात फिनिश माप नेमके वेल्ड आणि मूळ धातूच्या सांध्यावर येते. तिथे एक जागा मऊ, शेजारची कडक, मध्ये एखादे छिद्र. टूल उड्या मारते आणि सीट गोल येत नाही. म्हणून सीट आधी ७५ पर्यंत उतरवायची, ८४-८५ पर्यंत भरायची, आणि मग ८० ला आणायची. म्हणजे फिनिश पृष्ठभाग दुसऱ्या थरात येतो. उतरवताना टोकाला काटकोनी पायरी ठेवायची नाही, तीस-चाळीस अंशांचा उतार द्यायचा.

आणि आता सर्वांत महत्त्वाचे : वेल्ड कुठे संपतो. बहुतेक जण स्टेपच्या कोपऱ्यापर्यंत भरतात आणि तिथे थांबतात. शाफ्टवरचा सर्वांत जास्त ताण कोपऱ्यात, आणि वेल्डची कडा, म्हणजे कडक पट्टा आणि आकसण्याची ओढ, तीही कोपऱ्यात आणून ठेवायची! भरलेले शाफ्ट ‘वेल्डिंगमुळे’ तुटले असे लोक म्हणतात, त्यांतले पुष्कळसे या एका कारणाने तुटलेले असतात. तुटलेल्या तोंडाकडे बघा, भेग स्टेपच्या कोपऱ्यात सुरू झालेली दिसेल. वेल्ड कोपऱ्याच्या पुढे, मोठ्या व्यासावर दहा-पंधरा मिमी चढवून तिथे संपवायचा. कोपऱ्याचा रेडियस नंतर वेल्डच्याच धातूत, फॉर्म टूलने, गुळगुळीत काढायचा. ६३१६ च्या इनरच्या कोपऱ्याला रेडियस जास्तीत जास्त २ मिमी चालतो. त्याहून मोठा ठेवला तर बेअरिंग खांद्याला टेकत नाही, आणि धारदार कोपरा ठेवला तर शाफ्ट राहत नाही.

जवळ की-वे असेल तर त्यात तांब्याचा किंवा ग्रॅफाइटचा तुकडा बसवून कडा राखायच्या. जुनी की आत ठेवून वरून भरून टाकणे हा आळस आहे. तिच्या दोन्ही बाजूंना तयार भेगच राहते.

गरम करणे. ईएन-८ ला या जाडीत २०० ते २५० अंश, ईएन-१९ किंवा २४ निघाले तर ३०० ते ३५०. सीटच्या दोन्ही बाजूंना आणखी किमान ७५-१०० मिमी भाग गरम करायचा, शाफ्ट फिरता ठेवून, मऊ ज्योतीने. कटिंग टॉर्चची टोकदार ज्योत एका जागी धरून नव्हे. वरून तापला म्हणजे गाभा तापला असे नाही. ज्योत बाजूला करा, दहा मिनिटांनी पुन्हा मोजा, तेव्हाचे माप खरे. मोजायला टेम्परेचर चॉक चांगला. इन्फ्रारेड गन चकचकीत पृष्ठभागावर बरेच कमी दाखवते, त्यामुळे तिच्यावर विसंबून माणूस शाफ्ट उगाच जास्त तापवतो. काहीच नसेल तर पॉलिश केलेल्या पट्ट्याचा रंग बघा : फिकट पिवळा आला म्हणजे सव्वादोनशेच्या आसपास, निळा आला म्हणजे तीनशे. रात्री ट्यूबलाइटखाली हा रंग फसवतो, दिवसाउजेडी बघावा.

रॉड लो हायड्रोजन, ई ७०१८, आणि तो ओव्हनमध्ये ३००–३५० अंशांवर तास-दोन तास भाजून, नंतर गरम पेटीत ठेवून, लागेल तसा एकेक काढायचा. पाकीट फोडून चार दिवस बाकावर पडलेला ७०१८ आणि रोजचा ६०१३ यांत हायड्रोजनच्या दृष्टीने फार अंतर उरत नाही. ‘७०१८ वापरला’ असे बिलावर लिहिलेले असते. ओव्हन कुठे आहे ते बघून या. सीओटू मशीन (सलग तारेने वेल्डिंग करणारे) आणि शाफ्ट फिरवायची सोय असेल तर १.२ मिमीची तार उत्तम, ओलाव्याचा प्रश्नच कमी. काही जण मटेरियल माहीत नसताना ३०९ किंवा ३१२ स्टेनलेसचा रॉड सुचवतात. चीर टाळायला तो मदत करतो, पण तो धातू उष्णतेने ईएन-८ पेक्षा जास्त फुगतो आणि टूलखाली कडक होत जातो. बेअरिंगच्या सीटला मी तो टाळतो. ‘कडक रॉडने भरा, म्हणजे पुन्हा झिजणार नाही’ ही मागणी तर हमखास येते. हार्डफेसिंगचा रॉड इथे अजिबात नको. सीटवर इनर घट्ट बसून शाफ्टबरोबर फिरतो, तिथे घासणे व्हायलाच नको. घासते आहे याचा अर्थ फिट ढिला आहे. कडकपणा हवा तो ऑइल सीलच्या जागी.

हाताने भरताना ३.१५ चा रॉड, सरळ लांबीतल्या ओळी, एक ओळ इकडे की दुसरी बरोबर समोर, मग नव्वद अंशांवर, मग तिच्या समोर. एका बाजूने भरत गेलात तर शाफ्ट त्या बाजूला ओढला जातो. प्रत्येक ओळ आधीच्या ओळीवर निम्मी चढलेली हवी. याने खाच राहत नाही, आणि नवी ओळ जुन्या ओळीखालचा कडक पट्टा थोडा नरम करते. स्लॅग पूर्ण काढायची. सुरुवात आणि शेवट सीटच्या हद्दीबाहेर. तापमान खाली गेले तर थांबून पुन्हा गरम करायचे. जेवायची सुट्टी मध्ये आली तर शाफ्ट झाकून, ज्योत मंद ठेवून जावे, आणि हे खरेच पाळले जाते का हे दुपारी जाऊन बघण्यासारखे असते.

भरून झाल्यावर शाफ्ट लगेच २५० पर्यंत सगळीकडून सारखा करून सिरॅमिक ब्लँकेटमध्ये, नाहीतर कोरड्या चुन्यात किंवा राखेत रात्रभर. ॲस्बेस्टॉसचे कापड अजून काही ठिकाणी दिसते, त्याच्या जवळ जाऊ नका. शक्य असेल तर पुढे भट्टीत स्ट्रेस रिलीव्ह (आत अडकलेला ताण काढणे) : ५५० ते ६०० अंश, २५ मिमी जाडीला एक तास, म्हणजे तुमच्या शाफ्टला तीन-साडेतीन तास. सावकाश चढवायचे, भट्टीतच सावकाश उतरवायचे. शाफ्ट उभा टांगायचा, आडवा ठेवला तर स्वतःच्या वजनाने झोळतो. शाफ्ट हार्डन-टेंपर केलेला असेल तर त्याच्या टेंपरिंगच्या तापमानाखाली राहायचे, नाहीतर सगळा शाफ्टच मऊ पडेल. मोकळ्या टोकाच्या सीटला भट्टी टाळून नुसते सावकाश थंड करण्यावर भागते. पुलीकडच्या सीटला मी भट्टीशिवाय काम घेत नाही.

दोन दिवस गेल्यावर रफ टर्निंग, मग डीपी. सीटवर एखादे टाचणीच्या टोकाएवढे छिद्र दिसले तर घाबरू नका, बेअरिंगला त्याने काही होत नाही. रेघ दिसली, विशेषतः वेल्डच्या कडेला आडवी, तर ते काम नापास. ग्राइंडिंगला व्यासात ०.३–०.४ सोडायचे.

फिनिश मापाबाबत वर्कशॉपला ‘बेअरिंग घट्ट बसेल असे करा’ एवढेच सांगितले जाते आणि तिथूनच पुढच्या झिजेची सुरुवात होते. ८० मिमीच्या सीटला के-६ फिट (किंचित घट्ट बसणारे प्रमाणित माप) मागा : ८०.००२ ते ८०.०२१. गोलाई आणि टेपर एक शतांश मिमीच्या आत, फिनिश आरए (पृष्ठभागाच्या खरखरीतपणाचे माप) ०.८ किंवा बरे. आणि माप थंड शाफ्टवर. पोलाद अंशाला मीटरमागे १२ मायक्रॉन वाढते. ग्राइंडिंगवरून नुकताच उतरलेला शाफ्ट मायक्रोमीटरपेक्षा वीस अंश गरम असेल तर ८० मिमीला १९ मायक्रॉन जास्त दिसतात, म्हणजे जवळजवळ पूर्ण टॉलरन्स एवढ्यातच गेला. संध्याकाळी बरोबर असलेली सीट सकाळी ढिली निघते ती अशी. सकाळी, दोन्ही एका खोलीत रात्रभर राहिल्यावर मोजा.

बेअरिंग गरम करून चढवा, १०० अंशांच्या आसपास, १२० च्या वर नाही, इंडक्शन हीटरवर किंवा तेलात. गॅसच्या ज्योतीवर नको. ऐंशी अंशांच्या फरकाने इनर पाऊण दशांश मिमी फुगतो, हाताने सरकून बसतो. हातोडा लागतोय म्हणजे काहीतरी चुकले. थंड होईपर्यंत खांद्याला दाबून धरा, नाहीतर तो आकसताना मागे सरकून फट ठेवतो.

राहिला मूळ प्रश्न, जो तुम्ही विचारलाच नाही : इनर फिरला कशाने? आधी बेअरिंग जाम झाले म्हणून फिरला, की आधीपासून फिरत होता म्हणून तापून जाम झाले? सीटवर लालसर तपकिरी भुकटी आणि गंजासारखे डाग असतील तर फिट आधीपासून ढिला होता. निळे पडलेले, चिकटून फाटलेले दिसत असेल तर ग्रीस, बेल्टचा अतिताण किंवा अलाइनमेंट. हाउसिंगही बघा. बेल्टची ओढ एकाच दिशेला असते, त्यामुळे फिरणारा इनर घट्टच लागतो, आणि तो ढिला असेल तर तोच सरकतो. पण आउटरसुद्धा (बेअरिंगची बाहेरची रिंग) हाउसिंगमध्ये फिरल्याच्या खुणा असतील तर भार शाफ्टबरोबर फिरतोय, म्हणजे रोटर अनबॅलन्स आहे. हॅमर मिलमध्ये हे नेहमीचे. झिजलेल्या सेटमध्ये दोन-चार नवे हॅमर घालून चालवतात. समोरासमोरच्या ओळींचे वजन काट्यावर सारखे करा, आणि शाफ्ट नवा असो की भरलेला, रोटर पूर्ण जोडून एकदा डायनॅमिक बॅलन्स करून घ्या. जी ६.३ ग्रेड मागितली की पुरे.

सुरू केल्यावर पहिल्या दिवशी तासातासाने दोन्ही हाउसिंगचे तापमान लिहा. ग्रीस जागेवर बसेपर्यंत ते चढेल, मग स्थिर व्हायला हवे. पुलीकडचे सतत चढतच राहिले तर आधी बेल्ट सैल करून बघा. भरलेला शाफ्ट लावला असेल तर आठवड्याने मिल थांबवून स्टेपच्या कोपऱ्यावर, बेअरिंग न काढता जेवढा दिसतो तेवढ्या भागावर, एकदा डीपी मारा, आणि पुढे हॅमर बदलायच्या प्रत्येक वेळी.